एक सूर पुढे

२ डिसेंबर, सोमवार

आज दुपारी सव्वाबाराला सगळं बदललं. वेळ पक्की माहीत आहे. स्क्रीनच्या कोपऱ्यात घड्याळ होतं आणि घड्याळाशेजारी तिचं बोट.

"हे 'वाऱ्या' इथं नाही. पुढच्या सुराखाली पाहिजे."

मी वळून बघितलं. संपलं!

नाव राजनंदिनी. साताऱ्याची. इथं सांगलीत कॉलेजला गाणं शिकते, होस्टेलवर राहते. आमच्या दुकानात मुली येतात त्या लग्नपत्रिका करायला, आणि होणारा नवरा बरोबर असतो. ही एकटी आली, काखेत फाइल. साताऱ्यात कोणी सुभेदार लालासाहेब आहेत, मिलिटरीच्या बँडमधून रिटायर झालेले. एका शाळेच्या हॉलमध्ये तीस पोरापोरींकडून समूहगीतं बसवून घेतात. ही त्यांची मुख्य गाणारी. त्या तेरा गीतांचं पुस्तक करायचंय — पाच रेघांवर सुरांचे ठिपके आणि ठिपक्यांखाली मराठी शब्द. सव्वीस जानेवारीला कार्यक्रम आहे.

असलं काम गावात कुणी घेईना. आमच्या मालकांनी, फारूकभाईंनी, मागच्या महिन्यातच फोनवर घेतलं, माझ्या जिवावर. "इंद्या, तुझं इंजिनिअरिंग अर्धं झालंय न्हवं? मग ह्ये पण अर्धं शीक, बास झालं." व्हिडिओ बघून बघून शिकलो. ठिपके घालणं सोपं. शब्दांनी जीव काढला. शब्द अख्खा टाकायचा नाही, तोडायचा — एका सुराखाली एक तुकडा. शब्दाच्या मध्ये असलो की छोटी आडवी रेघ, शब्द संपला की स्पेस. स्पेस दाबली की कर्सर टुणकन पुढच्या सुराखाली. एकच तुकडा दोन-तीन सुरांवर ओढायचा असेल तर त्याच्या मागं लांब रेघ. आणि एक स्पेस जादा पडली की पुढची सगळी वरात एकेक घर पुढं सरकते!

ती तासभर शेजारच्या स्टुलावर बसून गुणगुणत होती. हळू. स्वतःशीच. मी सहा चुका केल्या. नेहमी दोन होतात.

४ डिसेंबर, बुधवार

आली नाही.

५ डिसेंबर, गुरुवार

आली. बरोबर एक जण.

बुलेट दुकानाच्या पायरीला लावली, बंद करायच्या आधी उगाच दोनदा रेस केली. मल्हार. फलटणचा. घरचा ऊस आहे हे त्याच्या बुटांवरून कळतं. तेराच्या तेरा गाणी याची! शब्द याचे, चालीही याच्याच. सुभेदार फक्त त्या रेघांवर उतरवून घेतात.

मला म्हणाला, "ओ टायपिंगवाले, जरा पाणी मिळंल का?"

टायपिंगवाले!

दिलं. ग्लास त्यानं माझ्या कीबोर्डशेजारी ठेवला. ओला.

तिनं त्याला स्क्रीनवर गाणं दाखवलं तर हा म्हणतो, "छापल्यावर भारी दिसतंय गं. आधी मला वाटलं न्हवतं मी एवढं भारी लिवलंय." ती हसली. यात हसण्यासारखं काय होतं?

१० डिसेंबर, मंगळवार

आतापर्यंत सात गाणी झाली. सातही पानांवर वर उजवीकडं: 'शब्द व चाल — मल्हार'. सात वेळा मी माझ्या बोटांनी त्याचं नाव टाइप केलं. आज त्याचं नाव बाराच्या टाइपावरून नऊवर आणलं. पान मोकळं दिसतं म्हणून.

फारूकभाईंनी बघितलं. चष्म्यावरून. "इंद्या, ह्या बाबानं काय घोडं मारलंय तुजं?" आणि परत बारा केलं.

त्यांना सगळं कळतं. पंचवीस वर्षं पत्रिका छापतायत. कुठलं लग्न मनापासून आहे हे म्हणे मजकूर बघून सांगतात.

१२ डिसेंबर, गुरुवार

आठवं गाणं पुस्तकातलं मुख्य, पहिल्या दिवशी नमुन्याला घातलेलं तेच. एकटीनं ती गाणार, मागं सगळे. त्यातली ओळ लिहून ठेवतो, कारण दिवसभर डोक्यातून जात नाही:

'कृष्णाकाठच्या वाऱ्या, थोडं थांबशील का'

हे कुणासाठी लिहिलंय ते शेंबड्या पोराला कळेल. आणि कृष्णाकाठ काय याच्या बापाचा? फलटणला कृष्णा आहे तरी का! सांगलीच्या घाटावर रोज संध्याकाळी मी बसतो. वारा मला लागतो. ओळ याला सुचते.

खरं तर ओळ चांगली आहे. म्हणूनच जास्त राग येतो.

याचे शब्द तोडून तोडून तिच्या सुरांखाली कोण मांडतंय? मी! म्हणजे याचं प्रेमपत्र मीच पोचवतोय, तेही अक्षर सुधारून.

१६ डिसेंबर, सोमवार

आईचा फोन. "मार्चच्या परीक्षेचा फॉर्म भरतोस का? सर म्हनले अजून घेतील." मी म्हणालो बघतो. आई म्हणाली, "तुजं बघतो म्हंजे न्हाईच आस्तं." आण्णा मागून काहीतरी बोलले. फोन घेतला नाही.

कॉलेज मी एका वाक्यावर सोडलं. सर वर्गात म्हणाले, "उसाच्या फडातली डोकी इथं पाठवतात." मी जर्नल त्यांच्या टेबलावर फाडून ठेवलं आणि गेटबाहेर. सर तिसऱ्या दिवशी घरी आले होते, चुकलं म्हणाले. मी माडीवरून खाली उतरलो नाही.

ती आज आली होती. एकटी. म्हणाली, "तुझ्या हातचं पान स्वच्छ असतं रे. साहेब पण म्हणाले." तू म्हणाली! आधी 'तुम्ही' होतं.

१९ डिसेंबर, गुरुवार

आज सगळ्यात वाईट दिवस.

फाइल घेऊन आली, स्टुलावर बसली, माझ्याकडं बघून म्हणाली, "एक काम करशील? माझ्यासाठी?"

माझ्यासाठी. मी काहीही केलं असतं. आयर्विन पुलावरून उडी मार म्हणाली असती तरी.

"मल्हारचं नाव जरा मोठं कर ना. त्याचं पहिलंच पुस्तक आहे. घरी कुणाला त्याचं कौतुक नाही, सगळे म्हणतात ऊस बघ."

चौदा केला टाइप. ठळक. ती "थँक यू" म्हणाली आणि बाहेर बुलेट वाजली. मागं बसताना तिनं एक हात त्याच्या खांद्यावर ठेवला. दुसऱ्या हातात फाइल होती म्हणून असेल. खांदाच का पण? मागं कॅरिअरची दांडी असते धरायला!

मी परत आत आलो. आठवं गाणं उघडलं. 'वाऱ्या' आणि 'थोडं' यांच्या मध्ये कर्सर नेला आणि एक स्पेस जादा दाबली.

बस. एकच. 'ऱ्या' एक सूर लांब झाला, 'थो' दुसऱ्यावर गेला, 'डं' तिसऱ्यावर. जिथं सगळ्यात उंच, सगळ्यात लांब सूर आहे तिथं 'शील' होतं, तिथं आता 'थांब' येऊन बसलं. शेवटी 'का' दोन सुरांवर ओढला होता त्याला एकच उरला. म्हणजे ओळ बरोबर आत मावली. वरून बघितलं तर कुणाला कळणार नाही. गायला घेतली की कळेल! तीस जणांसमोर याच्या गाण्याचं भजं होईल आणि सुभेदार विचारतील, ही कसली चाल?

प्रूफावर तिची सही असते. बोलणी तिलाही बसतील, हे डोक्यात आलं. आलं आणि गेलं. राग आला की माझ्या डोक्यात एकच खुर्ची असते.

२३ डिसेंबर, सोमवार

ती प्रुफं तपासायला आली. सुभेदारांची हाताची पानं डावीकडं, माझी उजवीकडं. एकेक ओळ गुणगुणत. आठव्या गाण्याला मी पाणी प्यायला उठलो. माठापाशीच उभा राहिलो. ती त्या ओळीवर आली, थांबली, परत म्हणाली. परत म्हणाली. मी दुसरा ग्लास भरला.

मग सही केली. तेराच्या तेरा पानांवर. "छान झालंय," म्हणाली आणि गेली.

तिला कळलं नाही. गाणं शिकते आणि कळलं नाही! त्याच्याच विचारात असेल.

परत आणावं का? एक स्पेस काढायची तर आहे.

२४ डिसेंबर, मंगळवार

काढली नाही.

४ जानेवारी, शनिवार

साताऱ्याला जाऊन आलो. फारूकभाई म्हणाले, "सरावाच्या प्रती तूच पोचव, बाबा. एस्टीत नीट मांडीवर घिऊन बस." तीस प्रती. इस्लामपूरला गाडी थांबली तेव्हा आई स्टँडवर डबा घेऊन आली होती, खिडकीतून दिला. मांडीवर डबा आणि डब्याखाली माझं पाप.

लालासाहेबांना पहिल्यांदा बघितलं. सत्तरीचे, ताठ, मिशी अशी की तिच्याखाली उभं राहावं. मल्हार आला नव्हता, घरी ऊसतोड चालू. चांगलंच! पोरांनी कागद हातात घेतले. साहेब म्हणाले, "आमच्याकडं एक कायदा हाय. कागद म्हंजे हुकूम. आधी कागदावर हाय ते गायाचं, मग तक्रार. गाताना कुनी थांबला तर त्याला ग्राउंडला तीन फेऱ्या."

एका पोरानं हात वर केला, "साहेब, आधी तर ह्ये..."

"तीन फेऱ्या घालायच्यात का रं?"

हात खाली.

आठवं गाणं. मी दाराजवळच्या बाकावर. ती पुढं उभी. 'कृष्णाकाठच्या वाऱ्या—' आणि तो 'ऱ्या' लांबला, वाहत गेला, अगदी वाऱ्यासारखा. मग 'थोडं' हलकंच. आणि सगळ्यात उंच सुरावर तिनं 'थांब' धरला.

काय सांगू. मोकळा, भरलेला, हॉलच्या पत्र्यापर्यंत गेला तो सूर. कुणीतरी खरंच धावत निघालंय आणि कुणीतरी मागनं हाक मारतंय. मागची पोरं आपली ओळ घ्यायची विसरली! कुणालाच फेऱ्या पडल्या नाहीत. साहेबांनी चष्मा काढला, रुमालानं पुसला, घातला.

"पुन्यांदा," म्हणाले.

पाच वेळा गायलं. पाचव्या वेळेला म्हणाले, "त्या फलटनच्या पोरानं शेवटी जागा बरोबर काढली बघ."

त्या फलटणच्या पोरानं!

मी बिघडवलं तरी याचंच चांगलं होतं. देवा, तुझ्याकडं पण याची वशिलेबाजी आहे का?

११ जानेवारी, शनिवार

परत सातारा. आज मुद्दाम गेलो, काम काही नव्हतं. मल्हार आला होता. सगळ्यांनी त्याला घेरलं. "'थांब' काय ठेवलायस भावा!" "काटा आला अंगावर!"

त्यानं कागद बघितला. मी त्याच्या तोंडाकडं बघत होतो. त्याला कळलं की हे त्याचं नाही. एक क्षण — अगदी कळलं. वाटलं, आता बोलेल. आता म्हणेल, टायपिंगवाल्यानं चुकवलंय.

"सुचलं तसं केलं," म्हणाला.

चोर! माझी चोरी यानं चोरली!

तिच्याकडं बघितलं. ती खाली मान घालून पानं लावत होती. याचं कौतुक चाललं की तिला लाज वाटत असेल, होणाऱ्या बायकोसारखी.

१४ जानेवारी, मंगळवार

तिळगूळ द्यायला दुकानात आली. फारूकभाईंना वाकून दिला, मला हातावर. "तुला जास्त देते, तुला गरज आहे." फारूकभाई एवढे हसले की खोकला लागला.

जाताना पायरीवर थांबली. "कार्यक्रम झाला की तुला एक सांगायचंय. आत्ता नाही."

मला माहीत आहे काय ते. पत्रिका. तीही माझ्याकडूनच करून घेणार. 'आमचे येथे श्रीकृपेकरून' मी टाइप करणार, आणि त्याचं नाव चौदाच्या टाइपात, ठळक.

तिळगूळ ड्रॉवरमध्ये ठेवला. मग खाल्ला.

२० जानेवारी, सोमवार

पुस्तकं छापून झाली. फारूकभाई म्हणाले, "आपल्या दुकानातनं असलं काम पैल्यांदा भाईर पडलंय. तुजं नाव कुटं टाकलं न्हाईस?" मी म्हणालो, टायपिंगवाल्याचं नाव कुठं असतं. त्यांनी पुस्तक मिटून ठेवलं. "नाव पायजे आसल तर तोंडानं मागावं, बाबा. तोंड वाकडं करून न्हाई."

सगळ्यांना शहाणपणा मलाच शिकवायचाय.

२५ जानेवारी, शनिवार

सांगितलं! सगळ्यांसमोर सांगितलं!

शेवटची तालीम होती. मी पुस्तकांचे गठ्ठे घेऊन गेलो. शाळेचे चेअरमन आले होते. गाणं ऐकून त्यांनी मल्हारला जवळ बोलावलं, पाठीवर हात ठेवला. "ती 'थांब'ची जागा कशी सुचली हो तुम्हाला?"

आणि हा — हा काय म्हणतो! "हायवेला सुचली. शेंद्र्याच्या पुढं. बुलेट बाजूला घेतली आणि..."

पुढचं मी ऐकलंच नाही. गठ्ठा हातातून टाकला. "खोटं! ती जागा माझी हाय! स्पेस मी दाबली! याचं गाणं सगळ्यांसमोर आपटावं म्हणून दाबली!"

मल्हारचं तोंड! पांढरं फटक. महिनाभर ज्या तोंडाची वाट बघत होतो ते तोंड. शेंद्र्याच्या पुढं म्हणे!

लालासाहेब जवळ आले. "मुद्दाम केलंस?"

"व्हय. मुद्दाम."

"गानं बिगडावं म्हनून?"

"व्हय."

त्यांनी मान हलवली. रागावले नाहीत. "उद्या सकाळी सातला या," एवढंच. मला 'या' म्हणाले, मघापर्यंत 'ये' होतं.

राजनंदिनी पाण्याची बाटली उघडत होती. झाकण नुसतं फिरत होतं, निघत नव्हतं. माझ्याकडं बघितलं नाही. बघेल. आज मल्हार कसला आहे ते तिला कळलं, तेवढं पुरे.

साताऱ्यातच, गोडोलीत मावशीकडं उतरलोय. मावशीनं विचारलं, लय खूश दिसतोस? म्हटलं, आहेच.

२६ जानेवारी, रविवार

सातला गेलो. साहेबांनी तांबडी पेन्सिल हातात दिली. तीस पुस्तकं. आठव्या गाण्यात प्रत्येक तुकडा खोडून एक सूर मागं आणायचा. मीच, माझ्या हातानं. मी म्हणालो, "पण आहे तेच चांगलं वाटतंय न्हवं?" साहेब म्हणाले, "मी पन तेच म्हनत हुतो. ती न्हाई म्हनली."

ती वर्गातल्या बाकावर बसली होती, गजरा हातातच. आवाज न चढवता बोलली. " 'शील' म्हणताना त्या सुरावर माझा गळा आवळतो. आवाज चिरतो. मल्हारला तीनदा सांगितलं, त्यानं बदललं नाही. तुझ्या प्रुफात 'थांब' वर गेलेलं बघितलं. मला वाटलं, यानं मी गुणगुणते ते ऐकलंय. न सांगता, मला सोसेल असं केलंय. म्हणून सही केली. मल्हारला कळलं असतं तर त्यानं खोडलं असतं, म्हणून कुणाला बोलले नाही. महिनाभर मी ते तुझं म्हणून गात होते."

मी म्हणालो, तेच गा ना मग. ती म्हणाली, "आता नाही येणार गायला."

साडेनऊला गाणं सुरू झालं. मी हॉलच्या मागच्या दाराशी उभा. उंच सुरावर तिनं 'शील' घेतलं आणि आवाज चिरला, माइकमधून, सगळ्या हॉलभर. ती पुढं गात राहिली.

मी बाहेर आलो आणि दार लावून घेतलं.